शुरायुकिहिमे (१९७३): कोबुएच्या सुरीबद्दल विचारायचं आहे

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. मी पाककृती आणि प्रवासावर अधूनमधून लिहिते, सिनेमावर कधी लिहिलेलं नाही. पण गेल्या रविवारी पाहिलेला एक जपानी सिनेमा डोक्यातून जातच नाही. त्यावर बोलावं असं घरात एकच माणूस, माझा मुलगा, आणि तो सोमवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला परत गेला. शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा ज्यांना पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्या.

सिनेमा तोशिया फुजिता यांचा, १९७३ सालचा. जगभर तो ‘लेडी स्नोब्लड’ या नावानं ओळखतात. मुलगा पुण्यात जपानी शिकतो, त्यानं लॅपटॉपवर लावला. म्हणाला, "आई, तू ‘किल बिल’ केबलवर दोनदा पाहिलायस ना, मग त्याची आई बघ." मी भाकरीचं पीठ मळत होते. म्हटलं, लाव, ऐकते. पाच मिनिटांत पिठाचे हात तसेच ठेवून येऊन बसले.

सुरुवातच तुरुंगात. बाहेर बर्फ पडतोय, आत सायो नावाची कैदी बाळंत होतेय. तिच्या नवऱ्याला आणि लहान मुलाला चौघांनी मारलं, तिच्यावर अत्याचार केले. चौघांपैकी एकाला, तोकुइचीला, तिनं स्वतः मारलं आणि जन्मठेप भोगायला आत आली. उरलेले तिघे बाहेर मोकळे. म्हणून तुरुंगातल्या पहारेकऱ्यांना जवळ करून तिनं मूल राहू दिलं. का, तर ते मोठं होऊन बाकीच्यांना मारील. मुलगी झाली. तिच्याकडे बघत, तू सूडासाठी जन्मलीस असं सांगून आई मरते. ती मुलगी म्हणजे युकी. युकी म्हणजे बर्फ.

मग दोकाई नावाचा एक धर्मगुरू तिला तयार करतो. पोरीला पिंपात घालून डोंगरउतारावरून गडगडत सोडतो. वीस वर्षांची होईपर्यंत ती अशी झालेली असते की पांढऱ्या किमोनोत, हातात छत्री घेऊन रस्त्यानं चालत येते आणि त्या छत्रीच्या दांड्यातून तलवार निघते. पहिल्याच प्रसंगात ती एका टोळीच्या म्होरक्याला उडवते. त्या माणसाशी तिचं काही वैर नाही. भिकाऱ्यांच्या वस्तीच्या मुखियाला तो नको होता, आणि त्या बदल्यात मुखियाची माणसं तिच्या शत्रूंचा माग काढून देणार होती. म्हणजे ती मारेकरी आहे, सुपारी घेते, आणि मजुरी म्हणून पत्ते घेते.

आता माझा प्रश्न. पहिला शत्रू सापडतो तो बान्झो. दारूत पार बुडालेला, जुगारात फसवताना पकडला जाणारा एक मोडलेला म्हातारा. घर चालवते त्याची मुलगी, कोबुए. युकी कोबुएला भेटते, तिचे कष्ट बघते, तिच्यावर तिची माया बसते हे दिसतं. आणि तरीही बान्झोला ती समुद्रकाठी नेते आणि मारते. तो गयावया करतो. सिनेमा पुढे जातो, आपण कोबुएला विसरून जातो. शेवटी सगळं संपवून, गोळी लागलेली युकी बर्फात बाहेर येते तेव्हा कोबुए समोर उभी असते. तिच्या हातात सुरी. ती युकीला भोसकते.

युकी बर्फात कोसळते. तोंडातून एक आवाज काढते. मी तो तीनदा मागे नेऊन ऐकला. ते रडणं आहे की ओरडणं, मला कळलं नाही. मग उजाडतं आणि ती डोळे उघडते.

मला विचारायचं आहे ते हे, की कोबुएला बघून युकीला काय वाटलं असेल? आपण वाचावं असं तिला वाटतं का? मुलगा म्हणाला, "अगं, दुसरा भाग निघाला १९७४ साली, म्हणजे वाचलीच ती." माझं समाधान झालं नाही.

हा प्रश्न मला एवढा का लागला, तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच कीस काढतेय.

मी चार वर्षांची असताना, १९८३ साली, माझे वडील गेले. विहिरीलगतचं अठरा गुंठे रान वडिलांचे चुलतभाऊ, आम्ही त्यांना तात्या म्हणायचो, त्यांनी फेरफारात स्वतःच्या नावावर करून घेतलं. आईला सही कळत नव्हती, अंगठा कुठे उठवला तेही कळलं नाही. १९९४ ला तिनं दावा लावला. २००९ ला खाली हरली, वर अपील केलं. रोज दिवेलागणीला दिवा लावून झाला की आई मला तो बांध सांगायची. कुठली बाभळ तोडली, कुठला दगड सरकवला, कोण साक्षीला उलटलं. शुभंकरोतीसारखं पाठ आहे मला ते. मला भाऊ नाही. "तू माझा ल्योक हाईस," असं ती म्हणायची आणि मला त्याचा अभिमान वाटायचा.

आई जाऊन आज बासष्ट दिवस झाले. कापडी पिशवीत सातबारे, फेरफार, नकला, तारखांच्या चिठ्ठ्या असं सगळं माझ्याकडे आलंय. वकील म्हणाले, नव्वद दिवसांच्या आत वारस म्हणून तुमचं नाव लावायचा अर्ज द्या, नाहीतर अपील तिथंच पडेल. अर्ज टाइप होऊन आलाय. ‘मयत अपीलकर्तीच्या जागी’ माझं नाव. सही राहिलीय.

तेराव्यानंतर मी रागानंच गावी गेले होते. तात्यांना तोंडावर सांगायचं होतं, की ती गेली, झालं का समाधान. तात्या सोप्यात बाजेवर होते. अंगावरून वारं गेलेलं, एक बाजू लुळी. नात चमच्यानं पेज भरवत होती, बारावीतली पोर, हनुवटीवरची पेज पदर नाही म्हणून ओढणीनंच पुसत होती. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "वैनी, कवा आलासा? च्या घेतला का?" त्यांनी मला आई समजलं. मी आणलेले शब्द घशातच राहिले. पण त्या पोरीनं मला बरोबर ओळखलं होतं. ती काही बोलली नाही. चमचा वाटीत ठेवला आणि माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरलेली नाही. कराडची बाई आपलं रान घ्यायला टपलीय, हे ऐकत ती मोठी झाली असणार.

सिनेमात कोबुए समोर आली तेव्हा मला ती पोर दिसली. म्हणून विचारतेय. जाणकारांनी सांगावं.

---

योकोहामाकर

ताई, तुमचं लिहिणं वाचून ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसलो होतो. मी सतरा वर्षं जपानात आहे. त्या शेवटच्या आवाजाचं उत्तर माझ्याकडे नाही, पण दोन गोष्टी इथे राहिल्यामुळे ठाऊक झाल्या त्या सांगतो, त्या तुमच्या प्रश्नाच्या जवळच्या आहेत.

पहिली गोष्ट नावाची. हिमगौरीची जी गोष्ट आपण लहानपणी ऐकतो तिला जपानीत ‘शिरायुकिहिमे’ म्हणतात. शिरायुकी म्हणजे पांढरा बर्फ, हिमे म्हणजे राजकन्या. या सिनेमाच्या नावात एक अक्षर बदललंय, शिराचं ‘शुरा’ केलंय. हा शुरा आपला आहे. संस्कृतातला ‘असुर’ बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमार्गे जपानात आला, ‘आशुरा’ झाला आणि बोलण्यात ‘शुरा’ उरला. बौद्ध कल्पनेत जन्माचे सहा लोक आहेत. त्यातला एक असुरांचा, शुरादो. तिथे जन्मलेल्याला सतत लढावं लागतं. जिंकला तरी लढाई संपत नाही. दोकाई त्या लहान मुलीला बजावतो की तू माणूस नाहीस, तू शुराचं लेकरू आहेस. धर्मगुरूनं, ज्यानं क्षमा शिकवायची, त्यानंच हे सांगावं याचा मला पहिल्यांदा फार त्रास झाला होता.

नारा शहरात कोफुकुजी नावाचं मंदिर आहे, तिथे आठव्या शतकातला एक आशुरा ठेवलाय. तीन तोंडं, सहा हात, उंची जेमतेम दीड मीटर. असुर म्हणून आपण काहीतरी अक्राळविक्राळ बघायला जातो आणि समोर एक सडपातळ पोरगेला उभा असतो. कपाळाला आठी, डोळ्यांत पाणी येईल की काय असा चेहरा. आईबाबा इकडे आले होते तेव्हा त्यांना दाखवायला नेलं. आई बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "ह्याला कुणीतरी घरी घेऊन जायला पाहिजे." युकीचा तो आवाज ऐकला की मला तो चेहरा आठवतो.

दुसरी गोष्ट, सायोच्या नवऱ्याला का मारलं ती. हे इतिहासातून आलंय. १८७२ च्या अखेरीस मेइजी सरकारनं सक्तीच्या लष्करभरतीचा आदेश काढला. त्यात ‘केत्सुझेई’ असा शब्द होता, शब्दशः रक्तकर. फ्रेंच भाषेतल्या शब्दप्रयोगाचं ते भाषांतर होतं, अर्थ एवढाच की देशासाठी रक्त सांडण्याचं कर्तव्य. पण खेड्यापाड्यांत लोकांना वाटलं की सरकार खरोखरच आपल्या पोरांचं रक्त काढून नेणार. पांढऱ्या कपड्यातली माणसं रक्त न्यायला येतात अशी आवई उठली. १८७३ मध्ये पश्चिम जपानात ठिकठिकाणी दंगे झाले. शाळा जाळल्या, अधिकाऱ्यांना मारलं. २७० येन भरले तर भरतीतून सूट होती, पण शेतकऱ्याकडे एवढे पैसे कुठून असणार? सिनेमातले ते चौघे याच भीतीवर गावकऱ्यांना लुबाडतात. सायोचा नवरा शाळामास्तर, पांढरा पोशाख घालून गावात येतो. भरतीवाला आला अशी ओरड करून त्याला मारलं जातं.

म्हणजे ही सगळी रक्ताची गोष्ट सुरू होते एका कागदावरच्या शब्दापासून, जो वाचता न येणाऱ्यांना कुणीतरी आपल्या सोयीनं वाचून दाखवला. तुमच्या आईच्या अंगठ्याबद्दल वाचलं तेव्हा मला हेच आठवलं.

---

साधनाताई_मिरज

मी सिनेमा पाहिलेला नाही, पाहणारही नाही, रक्त बघवत नाही. पण तू त्या घरी गेलीस आणि ते शब्द तोंडातून निघाले नाहीत, हे वाचून डोळे भरले गं. आईचा दिवस कधीचा आहे? एवढंच विचारायला लिहिते.

---

रिळांचा_माणूस

मी फिल्म सोसायटीत बावीस वर्षं सिनेमे दाखवण्याचं काम केलं. हा सिनेमा पडद्यावर दोनदा दाखवला आहे. कोबुएबद्दल तुम्ही जे विचारलंत ते कुणी विचारलं नव्हतं. चर्चा दर वेळी ‘किल बिल’वर जाऊन थांबायची.

तर आधी तेच उरकतो. ‘किल बिल’चा दिग्दर्शक टॅरंटिनो, त्यानं यातून काय घेतलं ते सगळ्यांना माहीत आहे. गोष्टीची प्रकरणं पाडणं, बर्फातल्या बागेतली झुंज, आणि युकीचं काम करणाऱ्या मेइको काजीनं गायलेलं गाणं जसंच्या तसं. पण एक गोष्ट लक्षात घ्या. बर्फ, पांढरा किमोनो आणि लहानपणी डोळ्यांदेखत मेलेले आईबाप, हे सगळं त्यानं नायिकेला दिलेलं नाही. ते दिलंय ओ-रेनला, जिला नायिका मारते. आणि कोबुएही तिथे आहे. पहिल्या भागात नायिका व्हर्निटाला तिच्याच स्वयंपाकघरात मारते आणि मागे वळते तर शाळेतून आलेली चार वर्षांची पोर दारात. नायिका तिला सांगते, मोठी झाल्यावरही मनातून हे गेलं नाही तर ये, मी वाट बघीन. ती पोर पुन्हा येत नाही. टॅरंटिनोनं ते पुढच्या तारखेला ढकललं. फुजितानं त्याच सिनेमात, त्याच रात्री वसूल केलं. मला फुजिताचं खरं वाटतं.

आता युकीच्या सूडाचा हिशोब मांडून बघा. चार शत्रू. एकाला आईनंच मारलं. बान्झो सापडतो तो जिवंतपणी मेलेला. गिशिरो समुद्रात बुडून मेला असं कळतं, तेव्हा ती त्याच्या थडग्यावर जाते आणि संतापून तिथली फुलं तलवारीनं छाटते. ओकोनोपर्यंत पोहोचते तेव्हा ती गळफासाला लटकलेली, तर युकी त्या प्रेताचे दोन तुकडे करते. वीस वर्षं धार लावलेली तलवार, आणि तिच्या वाट्याला फुलं आणि प्रेत. लढाया आहेत, कारंजासारखं रक्त उडतं, पण ज्यांच्यासाठी ती जन्मली ते तिच्या हाताला नीट लागतच नाहीत. शेवटी गिशिरो जिवंत निघतो, परदेशी पाहुण्यांसाठी १८८३ ला बांधलेल्या रोकुमेइकान या वाड्यात, मुखवट्यांच्या नाचात. तिथेही मध्ये त्याचाच मुलगा र्युरेई आहे, जो युकीच्या बाजूचा आहे, ज्यानं तिची गोष्ट वर्तमानपत्रात लिहिली. तो बापाला मिठी मारून धरतो आणि युकीला त्याच्या आरपार तलवार घालावी लागते. बेगुनाह माणसाच्या शरीरातून गेल्याशिवाय सूड पुरा होत नाही, हे त्या एका चित्रात आहे. त्यानंतर ती बाहेर येते आणि कोबुए भेटते. ताई, तुम्ही बाजेवरच्या तात्यांचं लिहिलंत, ते मला थेट बान्झो वाटले.

मेइको काजीबद्दल. ती निक्कात्सु स्टुडिओची. १९७१ ला निक्कात्सुनं कामुक सिनेमांकडे मोर्चा वळवला तेव्हा ती बाहेर पडली. १९७२ ला तोएइ या दुसऱ्या स्टुडिओकडे तिनं तुरुंगातल्या कैदी बाईची जी भूमिका केली तिच्यात ती जवळजवळ बोलतच नाही, सगळं डोळ्यांनी. इथेही तेच. मूळ चित्रकथा काझुओ कोइके यांनी लिहिलेली आणि काझुओ कामिमुरा यांनी चितारलेली. गाण्याचे शब्दही कोइके यांचेच. फुजिता तिला निक्कात्सुच्या दिवसांपासून ओळखत होता. त्याला माहीत होतं, की हिच्या तोंडी वाक्य द्यायची गरज नाही. म्हणूनच शेवटचा आवाज एवढा लागतो. अख्खा सिनेमाभर तिनं तोंड दाबून धरलेलं असतं.

आणि एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. याचा छायाचित्रकार मासाकी तामुरा. त्या वर्षांत तो शिन्सुके ओगावांच्या गटाबरोबर माहितीपट करत होता. तोक्योजवळ नारिता विमानतळासाठी सरकारनं शेतकऱ्यांच्या जमिनी घ्यायला सुरुवात केली, शेतकरी अडून बसले, बाया साखळ्यांनी स्वतःला झाडांना बांधून घेत होत्या. ओगावांची माणसं तिथेच राहायला गेली आणि वर्षानुवर्षं चित्रण करत राहिली. १९७१ चा एक माहितीपट त्या लढाईवर आहे. १९७३ चा दुसरा, त्यात लढाई बाजूला राहते आणि कॅमेरा एका खेड्यात म्हाताऱ्यांचं बोलणं, शपथा, जुनी नाती ऐकत बसतो. दोन्ही तामुरानं टिपलेत. त्याच वर्षी तोच माणूस खांद्यावर कॅमेरा घेऊन युकीच्या मागे पळतोय. पुन्हा बघाल तेव्हा कॅमेरा किती हलतो ते बघा. स्टुडिओतल्या तलवारबाजीत कॅमेरा तेव्हा सहसा असा हलत नसे. दंगलीत माणसांमध्ये उभं राहून आलेला हात आहे तो.

---

निर्भीड७८

थोडं वेगळं मत मांडते. वरचे सगळे जण युकीला बिचारी करून टाकताय. मला ती तशी दिसली नाही. आईनं सांगितलं, गुरूनं घडवलं, हे खरं. पण थडग्यावरची फुलं छाटताना तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. गिशिरो मेला असं समजलं होतं, ओकोनो मेली होती. तिथे ती थांबू शकत होती. र्युरेई तिला जवळ करतोय, एक साधं आयुष्य समोर दिसतंय, तरी ती रोकुमेइकानला जाते. ती स्वतःच्या पायांनी जाते. तो राग आता तिचा स्वतःचा झालेला आहे आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. ज्या बाईवर चौघांनी मिळून अन्याय केला तिच्या बाजूनं त्या देशात एकही न्यायालय उभं राहिलं नाही. तुरुंग मिळाला तो तिलाच.

कृष्णाकाठची, तुझ्या आईनं तलवार घेतली नाही. ती तीस वर्षं कोर्टाची पायरी चढत राहिली. पहाटेची एसटी, उन्हातान्हात कोर्टाच्या व्हरांड्यात बसणं, पुढची तारीख घेऊन परत. याला सूड म्हणू नकोस. हक्क मागणं आणि सूड घेणं यांची तू गल्लत करतेयस, आणि ही गल्लत आपल्या बायकांना लहानपणापासून शिकवली जाते. आपलं मागितलं की भांडखोर. त्या मुलीच्या नजरेसाठी अठरा गुंठे सोडू नकोस.

---

काळा_कोट

सिनेमा मुलीबरोबर काल रात्री पाहिला, तुमच्या धाग्यामुळेच. त्यावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. तालुक्याच्या कोर्टात वकिली करतो, तेवढ्यापुरतं लिहितो.

वारस रेकॉर्डवर आणण्याची मुदत मृत्यूपासून नव्वद दिवसांची आहे, तुमच्या वकिलांनी बरोबर सांगितलं. उलटून गेली तर अपील अबेट होतं, म्हणजे आपोआप पडतं, त्यानंतर साठ दिवसांत ते रद्द करायचा अर्ज करता येतो, त्याही पुढे गेलं तर विलंबमाफी मागावी लागते. पण तिथवर जाऊ देऊ नका. मुख्य सांगायचं ते असं, की सही केली म्हणजे लढायलाच हवं असं नाही. उलट तडजोड करायची असेल तरी आधी तुम्ही रेकॉर्डवर असायला हव्यात. जी अपिलात नाही ती तडजोडही करू शकत नाही.

प्रकरण लोकअदालतीत ठेवून मिटलं तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि कोर्ट फी परत मिळते. एक अडचण मात्र आहे. तात्यांची समज खरोखर गेली असेल तर त्यांच्या वतीनं कोर्टाकडून पालक नेमून घ्यावा लागेल आणि तडजोडीला कोर्टाची परवानगी लागेल. ते न करता घेतलेला अंगठा उद्या कुणीही उडवून लावेल. अंगठ्यावरूनच हे सगळं सुरू झालंय, म्हणून आवर्जून लिहिलं.

---

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. साधनाताई, आईचा दिवस श्रावण वद्य पंचमी. तुम्ही विचारलंत हेच फार झालं.

काल रात्री सिनेमा पुन्हा पाहिला. एकटीनं, दिवा लावून झाल्यावर. योकोहामाकर, तुम्ही सांगितलं म्हणून ते पांढऱ्या पोशाखातलं मरण थांबवून थांबवून पाहिलं. पहिल्या वेळी मला फक्त मारणारे दिसले होते. या वेळी तो मास्तर दिसला, बायकोपोराला घेऊन नव्या गावात निघालेला. असुर हा शब्द जपानपर्यंत चालत गेला हे वाचून मी मुलाला फोन केला, त्यालाही ठाऊक नव्हतं. आता वर्गात सांगतो म्हणाला.

रिळांचा माणूस, फुलांचं तुम्ही लिहिलंत आणि मला आमच्या घरची एक गोष्ट आठवली जी मी विसरले होते. मी नववीत असेन. तात्यांच्या थोरल्या मुलाचं लग्न होतं, दारात मांडव घातलेला. आई रात्री उठली, आमच्या बाजूला त्यांच्या भोपळ्याचा वेल आला होता तो तिनं विळ्यानं तोडला. नुसता तोडून थांबली नाही, बसून वेलाचे बोटभर तुकडे केले. मी दारातून बघत होते. भोपळ्याची पिवळी फुलं होती त्याला, चांदण्यात पांढरी दिसत होती. आईला मी दिसले तेव्हा ती म्हणाली, "जा, झोप." सकाळी तिनं ते तुकडे गोळा करून म्हशीला घातले. त्या दिवशी तिला काहीच मिळालेलं नव्हतं, हे मला आत्ता कळतंय. तेव्हा वाटलं होतं, आई जिंकली.

निर्भीड, तुझं वाचून आधी राग आला, मग दोनदा वाचलं. तू म्हणतेस ते खरं आहे. आईनं हक्क मागितला. पण मला ती रोज संध्याकाळी जे सांगायची त्यात अठरा गुंठे कमी असायचे आणि तात्या जास्त असायचे. ती जमीन मला चालत नेऊन दाखवली असती तर मी तिथे काय पेरायचं याचा विचार केला असता. मला फक्त बांध माहीत आहे. आत काय पिकतं ते माहीत नाही. यात आईचा दोष आहे असं मी म्हणणार नाही, तिनं एकटीनं पोर वाढवली, तिच्याकडे दुसरं काय होतं. पण पाठ झालं ते झालं.

शेवटच्या आवाजाचं मला आता असं वाटतं. कोबुएला बघून युकीला बहुतेक पहिल्यांदा कळतं की बाहेरून कशी दिसते मी. पिंपात गडगडणारी पोर तिला आतून माहीत होती. सुरी घेऊन दारात उभी राहिलेली पोर तिनं कधी पाहिली नव्हती. कोबुएवर ती तलवार उचलत नाही, हे पण मी या वेळी पाहिलं. मग सकाळ होते आणि ती डोळे उघडते, त्याबद्दल माझं काहीच ठरलेलं नाही.

वकीलसाहेब, आज दुपारी अर्जावर सही केली. पतसंस्थेतून अर्धा दिवस रजा घेऊन कोर्टात गेले होते. आमच्या वकिलांना तडजोडीचं विचारलं, त्यांनी पालक नेमण्याचं तुम्ही लिहिलंत तसंच सांगितलं. रविवारी गावी जाईन म्हणते. त्या पोरीची बारावी आहे, तिचं नाव काय हेही मला ठाऊक नाही, आमच्या घरात ते कधी घेतलंच गेलं नाही. पिशवीतला जुना नकाशा बरोबर नेणार आहे, ज्यात दोन्ही घरांची विहीर एकच दाखवलीय. बोलणं होईल की दार लावून घेतील, सांगता येत नाही.

एक विनंती आहे. नारिताच्या शेतकऱ्यांचे ते दोन माहितीपट, विशेषतः म्हाताऱ्यांचं बोलणं ऐकणारा १९७३ चा, कुठे बघायला मिळेल? कुणाकडे असेल तर कळवा.